उसाचा फोटो कसा काढावा?



लागण, भरणी, तोडणी यांत आपल्याला कोणी शिकवायला नको. पण हल्ली एक नवं काम आपल्या मागं लागलंय, ते फोटोचं. उसावर काही वेगळं दिसलं की मोबाईल काढायचा आणि फोटो गटाच्या शेतकी मदतनिसाकडं धाडायचा. सोय चांगली आहे. मात्र फोटो धड नसेल तर सल्लाही धड मिळत नाही.

माझंच सांगतो. मागं एका ऑगस्टात माझ्या खोडव्याची पानं पिवळी पडली. भर दुपारी बांधावर उभं राहून एकच फोटो काढला आणि पाठवून दिला. त्यात दिसत होता तो नुसता पिवळा पट्टा. पाहणाऱ्याला वाटलं केवडा. फेरस सल्फेट फवारायला सांगितलं, मी फवारलं. पंधरा दिवसांनी एक बेट सहज ओढलं तर मुळासकट हातात आलं, आणि खाली हुमणी! तोवर वीस गुंठे ऊस वाळला होता. पाहणाऱ्याला दोष कसा देणार? फोटोत नव्हतं ते त्याला दिसणार कुठून?

तेव्हापासून मी तीन फोटो काढतो. पहिला लांबून, वावराचा. रोग कडेला आहे, पाणी साचतं त्या सखल भागात आहे की जागोजागी ठिपक्यांसारखा आहे, हे त्यात कळावं. सरीच्या तोंडाशी उभं राहा, म्हणजे सरी नजरेला आत नेते. आभाळ वरच्या तिसऱ्या हिश्शापुरतंच ठेवा. आभाळ बघून कोणाला काय करायचंय?

दुसरा फोटो पूर्ण बेटाचा, मोबाईल उभा धरून, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. याचं कारण असं, की लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. पान वरचं की खालचं हेच कळलं नाही तर सांगणारा काय सांगणार?

तिसरा जवळून. 2002 साली सांगली भागात लोकरी मावा आला तेव्हा आपण शिकलो, की तो पानाच्या खालच्या बाजूला असतो. म्हणून पान उलटून फोटो घ्या. लाल कूजेचा संशय असेल तर ऊस उभा चिरा. आतला लाल रंग आणि त्यातले आडवे पांढरे पट्टे फोटोत आले पाहिजेत. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून डागाचा नि अळीचा आकार समजतो. मागं टॉवेल धरा, नाहीतर पानात पान मिसळून जातं.

अगदी नाकाला लावून फोटो घेऊ नका, धूसर येतो. वीतभर लांब धरा, पडद्यावर डागावर बोट टेकवा, कोपरं अंगाला चिकटवा आणि मग दाबा. आधी भिंग मऊ फडक्यानं पुसा. आमच्याकडं निम्मे फोटो मळक्या भिंगामुळंच बिघडतात. दुपारच्या उन्हात पान चमकतं नि रंग उडतो. सकाळी आठ-नऊची वेळ बरी, किंवा आपली सावली पानावर पाडावी.

काढल्यावर थोडी दुरुस्ती चालते. फालतू कडा कातराव्यात, तिरका फोटो सरळ करावा, फार काळा असेल तर उजेड थोडा वाढवावा. पण रंगाला हात लावू नका! मोबाईलमधलं 'सुंदर करा' छापाचं बटण पिवळं पान हिरवंगार करून टाकतं. मोळीपूजनाच्या फोटोत किंवा नातवाच्या बारशाला हवं ते करा, तिथं कुणाचं नुकसान नाही. (मात्र तिथंही मागं सूर्य घेऊन माणसं उभी करू नका, चेहरे काळे पडतात. आणि टोपीसकट डोकं चौकटीत येऊ द्या. आमच्या घरच्या अर्ध्या फोटोंत वडीलधाऱ्यांची टोपीच नाही.)

मूळ फोटो मोबाईलमध्ये राहू द्या, कातरलेला वेगळा ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो दाबला जातो, बारीक तपशील जातो. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोबत गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख किंवा खोडवा कितवा ते, आणि शेवटचं खत नि पाणी कधी दिलं ते लिहा. बेट ओढून पाहिलं असेल तर तेही लिहा.