तीन तासांचे लग्न एका तबकडीत मावेल का?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरातील एखादे जुने कपाट उघडून पाहा. कोपऱ्यात लग्नाची किंवा स्नेहसंमेलनाची व्हिडिओ कॅसेट सापडण्याचा बराच संभव आहे. आपल्या वसई-विरारच्या दमट हवेत अशा फितीला बुरशी लागते आणि काही वर्षांनी चित्र दिसेनासे होते. म्हणून तिची डीव्हीडी करून ठेवावी असे पुष्कळांना वाटते.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने हा खटाटोप केला. कॅसेट तिच्या आत्याच्या लग्नाची, १९९८ सालची, तीन तासांची. तीत हळदीची गाणी म्हणणारी तिची आजी होती. आजी आता नाही आणि तिचे दुसरे चलच्चित्रही नाही. कॅसेट संगणकात उतरवून तिने डीव्हीडी केली, तर आजीच्या चेहऱ्यावर चौकोनच चौकोन! “सर, महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?” असे तिने मला विचारले. मी म्हटले, “आधी आपण गणित करू.”

तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीत एका चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडासाठी एक बाइट लागतो. रंगातील बारकावे डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच नोंदवतात. तिचा वाटा ठिपक्यामागे अर्धा बाइट. एकूण दीड बाइट झाला. सेकंदाला अशी २५ चित्रे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १.५५ कोटी बाइट! साध्या डीव्हीडीवर ४७० कोटी बाइट मावतात. भागाकार करा. उत्तर येते ३०२ सेकंद. पाच मिनिटांत तबकडी भरली! अंतरपाटही धरून झाला नाही.

तरीही त्याच तबकडीवर दोन तासांचा चित्रपट मावतो. त्यासाठी चित्राची माहिती सुमारे पंचवीसपट आटवावी लागते. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला एन्कोडर म्हणतात. डीव्हीडीसाठी ते एमपेग-२ या पद्धतीने चालते.

ही आटणी दोन प्रकारे होते. समजा, वसईच्या किल्ल्यात तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून तुम्ही तटासमोरून चालणाऱ्या मित्राचे चित्रण केले. तट हलत नाही, मग तो सेकंदाला २५ वेळा का नोंदवायचा? एन्कोडर साधारण अर्ध्या सेकंदाने एक पूर्ण चित्र नोंदवतो. मधल्या चित्रांत ‘हा तुकडा इतके ठिपके उजवीकडे सरकला’ एवढाच फरक लिहितो.

दुसरा प्रकार एकाच चित्रातला. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन म्हणजे संथ आणि जलद अशा ६४ लहरींची बेरीज मानून प्रत्येक लहर किती प्रमाणात आहे ते काढतात. निरभ्र आकाशाच्या चौकोनात जवळजवळ सगळा वाटा संथ लहरींचा असतो. जलद लहरींचे बारीकसारीक आकडे शून्य धरले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. आणि ‘पुढे पन्नास शून्ये’ असे लिहायला जागा ती किती लागणार? मात्र फार काटकसर केली की चौकोनात संथ लहरीच उरतात आणि शेजारच्या चौकोनांच्या कडा जुळत नाहीत. आजीच्या चेहऱ्यावर दिसले ते हेच चौकोन!

या लहरींच्या युक्तीमागे मूळचे बंगळूरचे नासीर अहमद आहेत. १९७२ साली त्यांनी अमेरिकेत या संशोधनासाठी अनुदान मागितले, ते नाकारले गेले. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले आणि १९७४ च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झाले.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. एमपेग-२ वापरणाऱ्या उत्पादकांना पूर्वी पेटंटधारकांना शुल्क द्यावे लागे. अमेरिकेतील शेवटचे पेटंट २०१८ साली संपले. पण ‘एफएफएमपेग’ हे मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासूनच घडत आले आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्याची रचना कोणालाही वाचता येते. त्यात ‘पाल डीव्हीडी’ हे लक्ष्य निवडले की चित्राचा आकार, वेग आणि आवाज नियमाप्रमाणे बसतात. आज्ञा टंकणे जड वाटले तर ‘डीव्हीडीस्टायलर’ हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. ते एफएफएमपेगच्याच मदतीने चित्र आटवते, अनुक्रमणिका बनवते आणि तबकडीवर लिहितेही. ‘हँडब्रेक’ही मुक्त आणि चांगले आहे, पण ते संगणकासाठी फाइल करते, डीव्हीडी नव्हे.

आमच्या विद्यार्थिनीने एफएफएमपेगच वापरले होते. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. ४७० कोटी बाइट म्हणजे ३,७६० कोटी बिट. तीन तासांच्या १०,८०० सेकंदांनी भागा. आवाज धरून सेकंदाला जेमतेम ३५ लाख बिट आले. त्यात जुन्या फितीवर बारीक ठिपक्यांची मुरमुर असते आणि ती प्रत्येक चित्रात बदलते. एन्कोडरला ती हालचालच वाटते व बरेच बिट तिच्यावरच खर्च होतात. मी सुचवले, “दोन तबकड्या कर, दीड दीड तासाच्या.” सेकंदाला ७० लाख बिट मिळाले. शिवाय तिने एन्कोडरला दोन फेऱ्या करायला लावल्या. परीक्षेत आपण आधी सगळे प्रश्न वाचतो आणि मग वेळ वाटतो, तसा तो पहिल्या फेरीत कठीण दृश्ये हेरतो आणि दुसरीत त्यांना जास्त बिट देतो.

चौकोन गेले. जास्तीचा खर्च झाला तो एका कोऱ्या तबकडीचा!

एक गोष्ट मात्र तिने आधीच बरोबर केली होती. कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल तिने पुसली नव्हती. एन्कोडरने टाकलेले बारकावे पुन्हा मिळत नाहीत आणि डीव्हीडीवरून पुन्हा आटवले तर आणखी काही जातात. ती फाइल पुसली असती, तर बुरशी लागलेली कॅसेट पुन्हा चालवावी लागली असती. ती तुटली असती तर? म्हणून मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. डीव्हीडी चालवणारी यंत्रे दिवसेंदिवस कमी होत आहेत. उद्या दुसरे काही साधन येईल, तेव्हा हीच फाइल उपयोगी पडेल.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण ८० मिनिटांचे आहे आणि एकच डीव्हीडी हाताशी आहे. सेकंदाला किती बिट मिळतील?