भीमेची वाळू टँकमध्ये घालण्याआधी

वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावात कुणाकडे बांधकामातून उरलेली नदीची वाळू असेल, तर पाणवनस्पतींच्या फिशटँकसाठी मला ती रंगीत खड्यांपेक्षा कितीतरी आवडते! आधी चाळा. मग अर्धी बादलीच घ्या, पाणी सोडा, तळापासून हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. निवळ पाणी येईपर्यंत हेच. साबण अजिबात नको, त्याचा अंश माशांच्या कल्ल्यांना घातक.

आता मूठभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे, टँकचं पाणी जड होत राहील. आपल्या काळ्या मातीच्या भागात चुनखडीचे खडे हमखास सापडतात, म्हणून ही चाचणी टाळू नकाच. बेसॉल्टचे काळे कण निर्धोक. दुकानातली ॲक्वासॉईल (पाणवनस्पतींसाठीची दाणेदार माती) मात्र धुऊ नका, दाणे फुटून चिखल होतो.