प्लास्टर मूर्तीला नको, साच्याला हवे

मालवण, कुडाळ, सावंतवाडी परिसरातील गणेशशाळांत चतुर्थीपूर्वी घरोघरचे पाट येऊन पडतात. ज्याच्या त्याच्या पाटावर त्याचा गणपती बसतो. हे काम शिकू पाहणाऱ्या नवख्यापुढे पहिला प्रश्न असतो तो साच्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना नकार दिला, त्यामुळे प्लास्टरविषयी साशंकता असणे साहजिकच आहे. तथापि मातीच्या मूर्तीसाठी साचा मात्र प्लास्टरचाच उत्तम.

जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. उरते ती भुकटी म्हणजे प्लास्टर. पाणी मिळताच ती पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. मात्र कालवताना त्यासाठी लागते त्याहून अधिक पाणी घालावे लागते. ते सुकले की साच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. दाबलेल्या शाडूतील पाणी ही छिद्रे शोषून घेतात, माती किंचित आकसते आणि सहज सुटते. पाण्यात लवकर न विरघळणे हा मूर्तीतील दोष येथे गुण ठरतो. साच्याचे काही विसर्जन होत नाही!

प्लास्टरच्या साच्यात प्लास्टरच ओतायचे, तर आधी साबणाच्या पाण्याचा हात द्यावा लागतो, अन्यथा दोन्ही एकजीव होतात. सोंडेसारखे अडकणारे भाग असतील तर तुकड्यांचा किंवा रबराचा लवचीक साचा हवा. सिलिकॉन बिनचूक, पण महाग. पहिल्याच प्रयत्नात त्यावर पैसे घालू नयेत.

किनाऱ्यावरची खरी अडचण पाण्याची आणि हवेची. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर मिठामुळे प्लास्टर फार लवकर घट्ट होते आणि पुढे साच्यावर पांढरे क्षार फुटतात. गोडे पाणीच घ्यावे. वजनाने १० भाग प्लास्टरला ७ भाग पाणी पुरते. भुकटी पाण्यात भुरभुरावी, पाणी भुकटीवर ओतू नये. उघडे राहिलेले पोते दमट हवेने निकामी होते. साचा ओला राहिला तर तो पाणी शोषत नाही, माती चिकटते आणि काढताना कान किंवा बोटे तुटतात. खंडित मूर्ती पाटावर बसवता येत नाही. म्हणून साचे मे महिन्याच्या आत ओतून उन्हावाऱ्यात वाळवावेत. पावसात चुलीजवळ ठेवण्याचा मोह होतो, पण ५० अंशांपुढे बराच वेळ तापलेला साचा भुसभुशीत होतो.