तळपाण्यातील अदृश्य कारभारी

नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करून कोळी बांधव होड्या पाण्यात लोटतात, तेव्हा दर्या निवत चाललेला असतो आणि वरवर पाहता त्याची समृद्धी उतू जात असते. परंतु याच सुमारास केरळपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगत, पृष्ठभागाखाली थोड्याच मीटरांवर, प्राणवायूला जवळजवळ पारखे झालेले पाणी पसरलेले असते. होडीतून ते दिसत नाही. तळाशी राहणाऱ्या मासळीला मात्र ते नेमके कळते आणि ती तेथून काढता पाय घेते.

हे पाणी येते खोल समुद्रातून. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि खोलवरचे थंड पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रबूड जमिनीवर चढते. त्यात नायट्रेट व फॉस्फेट विपुल, पण प्राणवायू मुळातच कमी. या खतावर सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात, मरतात, खाली बसतात. आणि त्यांचे विघटन करणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवून टाकतात. इतर देशांच्या किनाऱ्यांवरही असे घडते, पण आपल्याकडे त्यात पावसाची भर पडते. नद्यांचे व सरींचे हलके, गोडे पाणी झाकणासारखे वर पसरते आणि हवेतील प्राणवायू खाली पोहोचू देत नाही. सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्र, अशा रीतीने गुदमरते.

गुदमरते ते मासळीच्या दृष्टीने. जीवाणूंचा कारभार थांबत नाही; तो हातबदल होतो. प्राणवायू संपताच नायट्रेटवर श्वसन करणारे जीवाणू पुढे येतात. नायट्रेटचे नायट्राइट, त्याचे नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि अखेरीस निरुपद्रवी नत्रवायू, अशी ही उतरंड आहे. नायट्रेटही संपले की सल्फेटवर जगणाऱ्यांची पाळी येते आणि पाण्याला कुजक्या अंड्याचा वास सुटतो. नामिबियाच्या किनाऱ्यावर, जेथे असाच तळपाण्याचा ओघ वर येतो, तेथील चिखलात १९९७ साली गंधकाचे कण पोटात बाळगणारा, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा जीवाणू सापडला. तो नायट्रेटचा साठा पेशीत भरून ठेवतो आणि त्याच्या बळावर विषारी सल्फाइड पचवितो.

जीवाणूंच्या वैविध्याकडे आपण संग्रहालयातील फुलपाखरांप्रमाणे पाहतो. जितके प्रकार अधिक, तितके कौतुक अधिक. येथे प्रश्न कौतुकाचा नाही. वर सांगितलेली उतरंड पायरीगणिक उतरण्याची सारी साधने प्रत्येक जीवाणूपाशी असतातच असे नाही. कोणी दोन पायऱ्या उतरतो, कोणी एकच. शेवटच्या पायरीचे विकर तर प्राणवायूच्या किंचित स्पर्शानेही कुंठित होते. ते अडले की नायट्रस ऑक्साइड तसाच हवेत निसटतो. आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता रोखतो. म्हणजे पाण्यात कोण कोण नांदते आहे, यावर आकाशात काय जाणार हे ठरते. आपल्या समुद्रबूड जमिनीवर हा वायू असाधारण प्रमाणात तयार होतो, असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले. शेतातून वाहून येणाऱ्या नत्रखताने ही स्थिती बिघडत आहे, अशी शंकाही त्यांनी मांडली.

या शंकेचा निकाल एका मोहिमेने लागत नाही. मोसमी वारे दरवर्षी सारखे नसतात आणि त्यांच्यासवे तळपाण्याची तीव्रताही बदलते. म्हणूनच या संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोरील एका ठरावीक जागी वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घेतले, याचे मोल फार मोठे आहे. आपल्याकडे नव्या जहाजाचे जलावतरण थाटात होते. त्याच जागी पुन्हा पुन्हा बाटली बुडविण्याला ना समारंभ, ना छायाचित्र. अंदाजपत्रकात कात्री लागते तीही बहुधा अशाच कामाला.

दुसरी अडचण प्रयोगशाळेतली. चमचाभर समुद्रजलात लक्षावधी जीवाणू असतात. त्यांपैकी शेकडा एकही काचेच्या बशीत वाढत नाही. १९९० च्या सुमारास पाण्यातून थेट जनुके वाचण्याची रीत रूढ होऊ लागली, तेव्हा कोठे खरी लोकसंख्या कळू लागली. पण जनुकांची यादी म्हणजे केवळ हजेरीपट; कोण किती काम करतो हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी चिकाटीने जीवाणू वाढविणारे हात हवेत, आणि किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील विज्ञानशाखांना त्यात सहज वाटा देता येईल.

पावसाळ्यानंतर प्रवाह फिरतो, तळपाणी मागे सरते, प्राणवायू परततो. नायट्रेटवर जगणारे अनेक जीवाणू पुन्हा प्राणवायूवर जगू लागतात. ती विद्या ते विसरलेले नसतात. या संक्रमणात कोण टिकले आणि कोण गेले हे पाहायचे, तर आरंभही पाहावा लागतो. तो होतो ऐन जून-जुलैत, दर्या खवळलेला असताना. आणि तेव्हा लहान होडीने त्या जागी जाता येत नाही.