पार्किन्सन्स : गोळी आहे, पण पोहोचत नाही



हात थरथरू लागला की घरात कारणं ठरलेली असतात : म्हातारपण, अशक्तपणा, नाहीतर दारू. चाल अडखळली की लकवा समजून मालिशवाल्याकडे नेतात. कुठे अंगारा-धुपाराही होतो. ‘पार्किन्सन्स’ हा शब्द कानावर पडेपर्यंत बऱ्याचदा माणसाचं काम सुटलेलं असतं.

हा मेंदूचा आजार आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हालचाली सुरळीत ठेवणारं डोपामाइन हे रसायन मेंदूतल्या ज्या पेशी बनवतात, त्या हळूहळू मरतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो कुणाची करणी नाही, मागल्या जन्माचं पापही नाही.

थरथर सर्वांनाच नसते. हालचाल मंदावणं हे मुख्य लक्षण. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होतं, चालताना एक हात हलत नाही, चेहरा निर्विकार दिसतो, आवाज खाली जातो. वास न येणं आणि बद्धकोष्ठता तर कित्येक वर्षं आधीपासून असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. २५ वर्षांत रुग्ण दुप्पट झाले. आजार पूर्ण बरा होत नाही, पण लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळीने माणूस अनेक वर्षं हिंडता-फिरता राहतो. ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या देशाच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही गरीब देशांत ती अनेकांना मिळत नाही किंवा परवडत नाही.

अडतं कुठे? निदानाला बहुधा महागडं यंत्र लागत नाही. जाणता डॉक्टर रुग्णाला चालवून, हात तपासून ओळखतो. पण मेंदूविकारतज्ज्ञ पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत. गडचिरोलीच्या खेड्यातून नागपूर गाठायचं तर रुग्णाची आणि सोबतच्याची, दोघांची मजुरी बुडते. शहरात लिहून दिलेली गोळी गावाजवळच्या दुकानात असेलच असं नाही. मग ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ती बंद होते. हे फार धोक्याचं आहे. गोळी अचानक थांबली तर अंग लाकडासारखं कडक होऊन तीव्र ताप येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

घरच्यांनी एवढं सांभाळावं :

१. गोळीची वेळ चुकवू नका. रुग्णाला दवाखान्यात भरती केलं तर सिस्टरला गोळीच्या वेळा कागदावर लिहून द्या.

२. गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास द्या. डाळ, दूध, अंडी, मटण सोबत घेतल्याने तिचा असर कमी होऊ शकतो. हे पदार्थ बंद करू नका, फक्त वेळ बदला.

३. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड या रुग्णांना चालत नाही. उलटी, चक्कर किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांमुळे पार्किन्सन्ससारखी लक्षणंही दिसतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

४. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं. पण चूर्णातून किती पोटात जातं हे कळत नाही. गोळी सोडून चूर्ण घेऊ नका.

५. रोज चालवा. पाय जमिनीला चिकटल्यासारखा थांबला तर ओढू नका; ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत ताल द्या.

ही सगळी सेवा बहुतेक घरांत बायको किंवा सून करते, बाहेरची धुणीभांडी उरकून. घरातल्या पुरुषांनी पाळी वाटून घ्यावी.

आणि एक हक्क अनेकांना ठाऊकच नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. तपासणीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं तर त्या प्रमाणपत्रावर योजनांसाठी अर्ज करता येतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

गोळी मात्र घराजवळच मिळायला हवी. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती आहे का, विचारा. नसेल तर महिला मंडळाच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी मागणी विसरली जाते. कागदाला उत्तर द्यावं लागतं.