जनरेटर चालून कमी, पडून राहून जास्त बिघडतो! ऐनवेळी दगा नको असेल तर हे वाचा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. कोकणातल्या कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस लाईट नव्हती. अशा वेळी घरातला छोटा पेट्रोल जनरेटर म्हणजे मोबाईलचं चार्जिंग, नळाला पाणी आणि फ्रीजमधलं इन्सुलिन. पण वर्षभर कोपऱ्यात पडलेला जनरेटर नेमका तेव्हाच रुसतो. दोरी खेचून खांदा दुखतो, इंजिन काही उठत नाही. असं का होतं?

दोष पेट्रोलचा

पेट्रोल साठवून ठेवलं की काही महिन्यांत त्यातला हलका भाग उडून जातो आणि चिकट थर उरतो. कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र अगदी बारीक असतं, ते या थराने बुजतं. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल जास्त झाली की पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि आतले भाग गंजतात.

मग ठेवताना काय करायचं?

थोड्या दिवसांसाठी ठेवत असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटरमधलं बहुतेक पेट्रोल संपतं. काही महिन्यांसाठी ठेवायचा असेल तर टाकीही रिकामी करा आणि कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काढा. पावसाळ्यात हाताशी ठेवायचा असेल, तर ताज्या पेट्रोलवर महिन्यातून एकदा १०-१५ मिनिटं, पंखा-दिवे जोडून चालवा.

ऑइल कधी बदलायचं?

छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल जेमतेम अर्धा-पाऊण लिटर असतं. बहुतेकांना ऑइल फिल्टरही नसतो, म्हणजे सगळी घाण त्याच ऑइलमध्ये फिरते. साधारणपणे नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदलतात. ग्रेड आणि नेमके तास मात्र तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा.

एक गंमत म्हणजे, ऑइल कमी असेल तर अनेक जनरेटर मुद्दामच सुरू होत नाहीत. त्यामुळे मेकॅनिकला फोन करण्याआधी जनरेटर सपाट जागी ठेवून ऑइल तपासा.

फिल्टर आणि प्लग

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, ऑइलचे दोन-चार थेंब लावून पिळून बसवा. प्लग काळा पडला असेल तर साफ करा, झिजला असेल तर बदला.

हे मात्र विसरू नका

पाऊस आहे म्हणून जनरेटर घरात, पडवीत किंवा गॅलरीत चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावू शकतो. दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, उघड्यावर पण पाणी लागणार नाही असा ठेवा. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरा. घराच्या वायरिंगला जोडायचा तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनमध्ये जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येतो.

तुमच्या जनरेटरमधलं पेट्रोल किती महिन्यांचं आहे? आठवत नसेल, तर आजच बघा.