पहिला माणूस उक्त्यावर की पगारावर?

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि आपल्याकडे चर्चा कसली झाली, तर आयटीवाल्यांच्या हातात येणारा पगार घटणार की नाही याची. मूळ वेतन निम्मं असावं की कसं, यावर वाहिन्यांनी संध्याकाळच्या संध्याकाळ खर्ची घातल्या. पण ज्याच्याकडे एकही नोकर नाही आणि जो उद्या पहिला ठेवणार आहे, त्या मालकाचं काय? पुण्या-मुंबईत सोफे, गाद्या आणि गालिचे घरी येऊन धुऊन देणारे असे एकखांबी मालक गल्लोगल्ली आहेत. एक शाम्पू मशीन, एक ओलं ओढणारा व्हॅक्यूम, एक दुचाकी आणि मोबाइल. दिवाळीच्या तोंडावर फोन थांबत नाहीत, मग वाटतं, आता एक पोरगा ठेवावा. त्याला द्यायचं काय?

धंद्यातलं ठरलेलं उत्तर म्हणजे उक्तं. बिलाच्या पंचवीस टक्के तुझे, काम नाही तर पैसे नाहीत. मालकाला हे फार सुरक्षित वाटतं, आणि त्याच्या बाजूने उभं राहायला एक मातब्बर अर्थशास्त्रज्ञही आहे. स्टॅनफर्डच्या एडवर्ड लझीर यांनी 2000 साली सेफलाइट या अमेरिकन कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीचं काम गाड्यांच्या फुटलेल्या काचा बदलण्याचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिने कारागिरांना तासाच्या पगारावरून नगाच्या दरावर आणलं आणि माणशी काम 44 टक्क्यांनी वाढलं. यातली साधारण निम्मी वाढ तीच माणसं जास्त राबल्यामुळे झाली. उरलेली झाली ती चपळ माणसं टिकल्यामुळे आणि तशीच नवी येऊन मिळाल्यामुळे. एरवी अर्थशास्त्रातले निबंध वाचताना झोप येते, हा मात्र एखाद्या गॅरेजमालकाने लिहावा इतका रोकडा आहे.

उक्त्याचे पुरस्कर्ते इथेच थांबतात. पुढचं वाचत नाहीत. सेफलाइटने कारागिरांना किमान पगाराची हमी दिली होती, म्हणजे काम कमी निघालं तरी ठरावीक रक्कम हातात पडणारच. दुसरं, काच नीट बसली नाही तर ती कोणी बसवली हे लगेच कळत असे, आणि ती पुन्हा बसवायची जबाबदारी त्याच कारागिरावर, फुकटात. काचेचे पैसेही त्याच्याकडून.

आता गालिचा घ्या. आधी कोरडा व्हॅक्यूम, मग फवारा, रसायन मुरायला दहा मिनिटं, ब्रश, आणि शेवटी पाणी ओढून काढणं. टाकीत उतरलेलं काळं पाणी गिऱ्हाइकाला दाखवलं की तो खूश होतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. काम चांगलं झालं की नाही, हे त्या पाण्यावरून अजिबात कळत नाही. ते ठरतं ओढण्याच्या शेवटच्या फेऱ्यांवर. पाणी जितकं आत राहील तितका गालिचा उशिरा वाळतो. मागे ताग असेल तर वर पिवळट-तपकिरी डाग उमटतात आणि दोन दिवसांनी कुबट वास सुटतो. उक्त्यावरचा पोरगा नेमक्या याच फेऱ्या वाचवणार, कारण त्याला तीनच्या आत पुढच्या सोसायटीच्या गेटवर पोचायचंय. वासाचा फोन येतो तो मालकाला.

त्यातून नुकसान कापून घ्यावं म्हटलं, तर वेतन संहिता मनमानी करू देत नाही. हयगय त्याचीच होती हे दिसलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, आणि एकूण कपात पगाराच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नये. कोणाचा काश्मिरी गालिचा रंग सोडून बसला, तर ती रक्कम या पगारातून कधी वसूल होणार? ते नुकसान मालकाचंच, हे आधीच मनाशी धरून चाला.

हिशेब मांडून बघू. समजा सरासरी बिल 2,000 रुपये आणि वाटा 25 टक्के. ऑक्टोबरात 78 कामं झाली, तर पोराला 39,000. जुलैत, गालिचे वाळायची सोय नाही म्हणून, जेमतेम 12 झाली, तर 6,000. त्या 6,000 मध्ये तो खोलीभाडं देणार की गावी पाठवणार? ऑगस्टला तो तुमच्याकडे नसेल. शिवाय हे किमान वेतनाच्या जवळपासही नाही, आणि नव्या संहितेत किमान वेतन ठरावीक उद्योगांच्या यादीपुरतं उरलेलं नाही. नगावर काम करणाऱ्यालाही ते चुकत नाही.

आता 15,000 पगार आणि कामामागे 100 रुपये असं धरा. ऑक्टोबरात त्याला 22,800, जुलैत 16,200. जुलैची तुमची जमा 24,000, म्हणजे रसायन-पेट्रोलला 7,800 उरतात आणि तुम्हाला जवळपास काही नाही. पण ऑक्टोबरची जमा 1,56,000 आहे, उक्त्यापेक्षा 16,200 रुपये तुमच्याकडे जास्त राहतात. म्हणजे ऑक्टोबरच्या वाचलेल्या पैशांतच त्याचा जुलैचा पगार निघतो. (15,000 हा आकडा मी धरलेला, तुमच्या परिमंडळाचा किमान वेतनाचा दर आधी बघा, महागाईनुसार तो जानेवारी आणि जुलैत बदलतो.)

मला तर असं वाटतं की पहिले काही महिने ते शंभरही नकोत. सुरुवातीला तो तुमच्याबरोबरच जाणार. नळी तो धरणार, ब्रश तुम्ही मारणार. दोघांच्या कामात त्याचा नग कोणता? एकटा जायला लागला की मग शंभर सुरू करा, तेही आठवडाभर तक्रार न आलेल्या कामाचे. आणि त्याचं नाव घेऊन तेच गिऱ्हाईक पुन्हा बोलावत असेल, तर त्याचे वेगळे, जरा सढळ हाताने. धंद्यातली खरी भीती कामचुकारपणाची नसतेच. नंबर परस्पर घेऊन पोरगा रविवारी स्वतःच काम करून येईल, ही असते. ज्याला परतीच्या गिऱ्हाइकात वाटा आहे, त्याला तसं करायचं कारण कमी.

कागदपत्रांचा बाऊ नको. भविष्य निर्वाह निधी आणि बोनस 20 माणसांपासून, राज्य कामगार विमा 10 पासून. त्याखाली असलात तरी निधीत आणि विम्यात स्वेच्छेने जाता येतं. तोवर निदान अपघात विमा काढा, कारण ओली फरशी आणि विजेचं मशीन एकत्र आहेत. व्यवसाय कर मात्र एका माणसापासून: पुरुषाचा पगार दहा हजारांवर गेला की महिना 200, फेब्रुवारीत 300. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. उचल दिली तर वहीत लिहा, दोघांच्या सह्यांनिशी.

पावसाळ्यातल्या दोन महिन्यांचा पगार बँकेत बाजूला नसेल, तर महिन्याच्या पगारावर माणूस ठेवू नका. दिवाळीपुरता ओळखीचा पोरगा रोजाने घ्या, आणि रोज संध्याकाळी काम संपताच त्याच्या हातावर ठेवा. रोजंदारीसाठी कायदाही तेच सांगतो.